आईला खालच्या जागी सतत खाज आणि पांढरे चट्टे, बुरशीच्या औषधांनी काहीच फरक नाही

कोयनाकाठ

नमस्कार सगळ्यांना. विषय नाजूक आहे पण घरात कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे विचारतेय.

आई ६१ वर्षांची आहे, कराडजवळ गावी असते, पाळी जाऊन दहाएक वर्षं झाली. शुगर नाही. थायरॉइडची गोळी मात्र बरीच वर्षं चालू आहे. दिवाळीत माझ्याकडे पुण्याला आली होती तेव्हा रात्री उठून बाथरूममध्ये पाणी मारत बसायची, विचारलं तर म्हणे उष्णता झालीय. शेवटी खोदून खोदून विचारल्यावर सांगितलं की लघवीच्या जागी भयंकर खाज येते, रात्री तर झोपच लागत नाही, आणि हे काही आजचं नाही.

गावातल्या डॉक्टरांना तिने सांगितलं होतं पण तोंडीच. त्यांनी न तपासता बुरशीची गोळी दिली, आठवड्याला एक अशी, आणि एक मलम. मलमाने थोडे दिवस बरं वाटतं, बंद केलं की परत सुरू, मग मेडिकलमधून तीच ट्यूब परत आणायची असं चाललंय. ट्यूबवर वाचलं तर त्यात क्लोबेटासॉल, मायकोनॅझोल, निओमायसिन असं सगळं एकत्र आहे. मधे शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तुरटीच्या पाण्याने धुत होती, त्याने तर नुसती आग आग झाली म्हणे.

खूप आढेवेढे घेतले पण शेवटी मला बघू दिलं. मी डॉक्टर नाही, जे दिसलं ते सांगते. आतल्या बाजूची कातडी पांढरीफटक झालीय, चकचकीत आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सुरकुतलेली. तोच पांढरा पट्टा खाली शीच्या जागेभोवती गेलाय. दोन ठिकाणी बारीक चिरा आहेत, एका ठिकाणी मार लागल्यावर रक्त साकळतं तसा जांभळट डाग. आणि आतले छोटे ओठ एका बाजूला जवळजवळ दिसतच नाहीत, बाजूच्या कातडीला चिकटून सपाट झाल्यासारखे वाटतात. अंगावरून पांढरं जात नाही, वास नाही.

आईला वाटतंय हे कोड आहे आणि गावात कळलं तर काय, मला वाटतंय कॅन्सर तर नाही ना. गायनॅककडे न्यायचं की स्किनच्या डॉक्टरकडे? कुणाच्या घरी असं काही झालंय का? प्लीज सांगा, आई परवा गावी जायचं म्हणतेय.

निशिगंध

अगं आधी आईला गावी जाऊ देऊ नकोस, दाखवूनच पाठव.

तू लिहिलंयस ते वाचून अंगावर काटा आला कारण अगदी हेच माझं होतं. मला लायकेन स्क्लेरोसस आहे. पांढरी पातळ कातडी, रात्रीची खाज, चिरा, जांभळे डाग, मागच्या बाजूपर्यंत गेलेला पट्टा, सगळं तसंच. तुझ्या आईला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते तपासूनच कळेल, पण डॉक्टरांसमोर हे नाव घे म्हणजे निदान त्या दिशेने बघतील तरी. मी ठाण्याला असते, पाळी जायच्या सुमाराला सुरू झालं. मलाही प्रत्येक ठिकाणी फंगल, फंगल म्हणूनच औषधं मिळाली, कारण मी खाज म्हटलं की समोरचा लिहायला लागायचा. टेबलावर झोपवून, लाइट लावून नीट बघितलं ते एका स्किनच्या डॉक्टरीण बाईंनी आणि बघता क्षणी म्हणाल्या की ही बुरशी नाही.

हा संसर्गाचा आजार नाही. कुणापासून लागत नाही, कुणाला लागत नाही, अस्वच्छतेने होत नाही, नवऱ्यामुळे होत नाही. हे आईला स्पष्ट सांग, कारण आपल्या आयांच्या पिढीला पहिली शंका तीच येते आणि लाजेपायी त्या वर्षानुवर्षं बोलत नाहीत. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या कातडीवर उलटते असं मला समजावलं होतं. थायरॉइड असणाऱ्या बायकांमध्ये जास्त दिसतो, तुझ्या आईलाही थायरॉइड आहे म्हणतेस म्हणून सांगितलं.

दुसरं म्हणजे धुणं बंद. म्हणजे साधं पाणी ठीक आहे, पण तुरटी, अँटिसेप्टिक लिक्विड, ते इंटिमेट वॉश, साबण, पावडर यातलं काहीही नको. खाज आली की आपण जास्त धुतो, धुतलं की कातडी आणखी कोरडी पडते आणि आणखी खाजते. लघवीला जाऊन आल्यावर हलक्या हाताने टिपून घ्यायचं आणि साधं व्हॅसलीन लावायचं, त्याने चिरांवर लघवी लागून जी झोंबते ती कमी होते. सुती निकर, रात्री शक्यतो काहीच नाही. नखं अगदी बारीक कापून टाक तिची, झोपेत कुणालाच भान राहत नाही आणि ओरबाडल्याने हा आजार वाढतो.

त्वचा_ओपीडी

मी त्वचारोग विभागात डॉक्टर आहे. न तपासता निदान करता येत नाही आणि इथे लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन समजू नका, पण तुम्ही इतकं नेमकं वर्णन केलंय की काही गोष्टी सांगणं गरजेचं वाटतं.

आधी कोडाबद्दल. कोडात फक्त रंग जातो. कातडी हाताला नेहमीसारखीच लागते, सुरकुतत नाही, चिरत नाही आणि बहुतेक वेळा खाजही नसते. तुमच्या वर्णनात पोत बदललाय, चिरा आहेत, रक्त साकळलंय आणि छोटे ओठ सपाट होत चाललेत, त्यामुळे लायकेन स्क्लेरोससचा विचार सगळ्यात आधी येतो. तो योनीमार्गाच्या आत सहसा जात नाही, बाहेरच राहतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आणि त्याखालोखाल पाळी न आलेल्या लहान मुलींमध्ये दिसतो, पण कुठल्याही वयात होऊ शकतो, पुरुषांनाही होतो.

पण पांढरं दिसलं म्हणजे तेच असंही नाही. खाजवून खाजवून कातडी जाड, खरखरीत झाली असेल तर ते लायकेन सिम्प्लेक्स असू शकतं आणि ते दुसऱ्या आजाराच्या जोडीलाही येतं. लालभडक, ठळक कडा असलेला चट्टा जांघेत आणि डोक्यातही असेल तर सोरायसिस बघावा लागतो. पाळीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा आणि आग होते, पण त्यात असे पांढरे चट्टे येत नाहीत. वयस्क बाईला एकाच जागी इसबासारखा लाल, ओलसर चट्टा असेल आणि तो कुठल्याच मलमाला दाद देत नसेल तर पॅजेट नावाचा दुर्मिळ आजार असू शकतो, तो बायोप्सीशिवाय, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासल्याशिवाय, कळत नाही.

आता मलमाबद्दल. त्या ट्यूबमधलं क्लोबेटासॉल हे जोरदार स्टिरॉइड आहे. आईला लावल्यावर बरं वाटत होतं ते बहुतेक त्याच्यामुळेच. म्हणजे चुकून योग्य औषध थोडं थोडं मिळत होतं, पण मधेच बंद होत होतं आणि सोबतचं निओमायसिन विनाकारण लागत होतं, ज्याची ॲलर्जी बऱ्याच जणींना होते. ते मिश्रण आता थांबवा आणि डॉक्टरांना ट्यूब दाखवा, स्टिरॉइड लावून झालेलं असेल तर कातडीचं चित्र थोडं बदलतं, बायोप्सीतही फरक पडतो.

स्किन किंवा गायनॅक दोन्ही चालतील, फक्त प्रत्यक्ष तपासणारे हवेत. वेळ घेतानाच फोनवर सांगा की बाहेरच्या कातडीचा त्रास आहे आणि तपासणी करायची आहे. पुण्यात ससूनची स्किन ओपीडी आहे, कराडलाही मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे पुढचा फॉलोअप गावाजवळ होऊ शकतो.

एवढं मात्र लक्षात ठेवा, बरी न होणारी जखम, हाताला लागणारी गाठ, एखादा जाड उंचवटा किंवा आपोआप रक्त येणं यातलं काहीही असेल तर महिनाभर मलम लावून बघू असं करायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.

पारिजात

सगळे स्टिरॉइड लावा सांगताय पण जरा विचार करा. माझ्या नणंदेने जांघेतल्या नायट्याला मेडिकलवाल्याने दिलेलं असंच मलम लावलं, तिथली कातडी इतकी पातळ झाली की लाल रेघा उमटल्या त्या आजही आहेत आणि नायटा पोटापर्यंत पसरला. मी तर म्हणते या वयात असल्या औषधांच्या नादाला लागू नका. खोबरेल तेल लावा, त्रिफळ्याच्या काढ्याने धुवा, पोट साफ ठेवा. आमच्या आज्यांना नव्हते असले आजार.

त्वचा_ओपीडी

पारिजातताई, तुमच्या नणंदेचं झालं ते अगदी खरं आहे आणि असे पेशंट आम्ही रोज बघतो. नायट्यावर स्टिरॉइड लावलं की खाज दबते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं, ती पसरते आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. याच गैरवापरामुळे २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी काउंटरवर मिळतात हे आपण सगळे बघतोच.

पण इथे आजारच उलटा आहे. नायट्यात बुरशी मारायची असते, लायकेन स्क्लेरोससमध्ये दाह थांबवायचा असतो, आणि या आजारात कातडी पातळ होते ती आजारामुळे. जोरदार स्टिरॉइड योग्य मात्रेत लावलं की दाह थांबतो आणि कातडी उलट सुधारते. म्हणून जगभर पहिलं औषध क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हेच आहे. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतली पद्धत साधारण अशी असते की पहिला महिना रोज एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि मग तपासून पुढे कितीवर ठेवायचं ते ठरवायचं. ३० ग्रॅमची ट्यूब या तीन महिन्यांना पुरते, यावरून किती कमी लागतं ते बघा. यापेक्षा खूप लवकर संपत असेल तर जास्त लावलं जातंय आणि तीन महिन्यांनी निम्मी तशीच असेल तर भीतीपोटी कमी लावलं जातंय. ट्यूबमधल्या कागदावर गुप्तांगाला लावू नये असं छापलेलं असतं, ते वाचून बऱ्याच बायका दुसऱ्या दिवशी सोडून देतात. ती सूचना आपल्या मनाने लावणाऱ्यांसाठी आहे, निदान करून, जागा दाखवून दिलं असेल तर डॉक्टरांचं ऐका आणि शंका असेल तर त्यांनाच विचारा.

मऊपणासाठी तेल, व्हॅसलीन जरूर लावा, त्याने आराम पडतो पण आजार थांबत नाही. काढ्याने धुणं टाळा, चिरा पडलेल्या कातडीला तुरट काहीही झोंबतं. आणि आज्यांचं म्हणाल तर हा आजार १८८७ साली हालोपो या फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवून ठेवलाय. आज्यांना तो होत असणारच, त्यांना विचारायला कुणी नव्हतं आणि दाखवायला जागा नव्हती.

कॅन्सरबद्दल मूळ प्रश्न होता म्हणून सांगते. या जागेवर कातडीचा कॅन्सर होण्याचा धोका असतो, पण शंभरात पाचपेक्षा कमी, आणि तोही मुख्यतः उपचार न घेतलेल्यांना. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवर केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ३५७ जणींनी उपचार नेमाने चालू ठेवले त्यांच्यात एकीलाही कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था आढळली नाही आणि ज्या १५० जणींनी धरसोड केली त्यांच्यात सात जणींना आढळली. माझ्या पेशंट खाज थांबली की मलम सोडतात तेव्हा मी त्यांना हेच आकडे सांगते. खाज थांबणं म्हणजे आजार थांबणं नाही, आत दाह चालूच असतो आणि ओठ चिकटणं, योनीमार्गाचं तोंड अरुंद होणं हे बिनबोभाट होत राहतं. जे सपाट झालं ते परत येत नाही, पण जे उरलंय ते वाचवता येतं.

मनमोकळी

मी जरा वेगळा अनुभव लिहिते कारण सगळं एकाच आजारावर येऊन थांबलंय आणि माझं तसं नव्हतं.

माझं वय ३८. मला खाज कमी आणि आग, दुखणं जास्त. आतल्या बाजूला, योनीमार्गाच्या तोंडापाशी कातडी सोलल्यासारखी लालभडक आणि त्या लाल भागाच्या कडेला पांढरी बारीक जाळी. चिकट पिवळसर पाणी जायचं, संबंधांनंतर रक्त यायचं, पुढे पुढे तर संबंध अशक्यच झाले. जंतूंसाठीचं कल्चर, गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी, सगळं नॉर्मल. इन्फेक्शन म्हणून कोर्सवर कोर्स. आणि याच काळात माझ्या हिरड्या लाल होऊन सोलवटल्या होत्या, ठेचा सोडा, साध्या आमटीनेही तोंड पेटायचं, त्यासाठी मी डेंटिस्टकडे जात होते. दोन्हीचा एकमेकांशी संबंध असेल हे ना डेंटिस्टने विचारलं ना गायनॅकने, आणि मला तरी कुठून सुचणार.

ज्या डॉक्टरांनी पकडलं त्यांनी खालची तपासणी झाल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, आता तोंड उघडा. तोंडातून आणि खालून दोन्हीकडून तुकडा काढून पाठवला. इरोसिव्ह लायकेन प्लेनस निघालं.

याच्यात आणि लायकेन स्क्लेरोससमध्ये मोठा फरक असा की हे योनीमार्गाच्या आतही होतं, आणि आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. आटोक्यात यायला जास्त वेळ लागतो. मला बाहेर क्लोबेटासॉल, आत घालायला स्टिरॉइडचं वेगळं औषध, तोंडासाठी चूळ भरायचं औषध आणि जागा अरुंद होऊ नये म्हणून डायलेटर (आत घालायच्या गुळगुळीत नळ्या) वापरायला शिकवलं, छोट्यापासून सुरुवात करून. मधे टॅक्रोलिमस मलमही देऊन बघितलं, पहिले काही दिवस फार झोंबतं ते, मग सवय होते. आज पूर्ण बरी आहे असं नाही म्हणणार पण जेवते, झोपते, आणि नवऱ्याजवळ जायची भीती वाटत नाही.

तर ज्यांना खाली आग आणि तोंडात फोड किंवा हिरड्यांचा त्रास दोन्ही आहे त्यांनी डॉक्टरांना दोन्ही एकत्र सांगा. तोंडाचं तोंडाच्या डॉक्टरला आणि खालचं खालच्या, असं वाटून देऊ नका. आणि एक छोटी गोष्ट, निरोध वापरत असाल तर व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लावून लगेच वापरू नका, रबर फाटतं.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला घेऊन स्किन ओपीडीला जाऊन आले, रिपोर्टही आलाय म्हणून सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

रांग मोठी होती पण तपासणाऱ्या डॉक्टर फार शांत होत्या. आईला म्हणाल्या, मावशी, तुमच्यासारख्या बऱ्याच जणी येतात, तुम्ही उशीर का केला असं मी विचारणार नाही. आई तिथेच रडली. निदान नजरेने जवळजवळ पक्कं होतं, पण एका चिरेच्या कडेची कातडी त्यांना जाड वाटली म्हणून बायोप्सी घेतली. आईने बायोप्सी शब्द ऐकूनच हातपाय गाळले होते म्हणून सांगते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधी सुन्न करणारं मलम, मग बारीक सुईचं इंजेक्शन, ते मात्र दुखतं, आई माझा हात दाबून होती, आणि मग चार मिलिमीटरचा तुकडा काढला त्याचं तिला कळलंही नाही. एक विरघळणारा टाका. दोन-तीन दिवस लघवीला जाताना मगने कोमट पाणी सोडत लघवी करायला सांगितली म्हणजे झोंबत नाही, आणि खरंच नाही झोंबलं.

रिपोर्ट लायकेन स्क्लेरोसस, कॅन्सरचं काही नाही.

क्लोबेटासॉलचं साधं ऑइंटमेंट दिलंय, क्रीम नाही, क्रीममध्ये बाकीचे पदार्थ जास्त असतात ते झोंबू शकतात म्हणाल्या. खरी अडचण पुढेच आली. लावायचं कुठे हे आईला कळेना. तिने आयुष्यात ती जागा बघितलेलीच नाही. चष्मा लावून आरशात बघायचं तर वाकता येत नाही, गुडघे दुखतात. मग आम्ही असं बसवलं: बेडच्या कडेला पाठीला उशी देऊन रेलून बसायचं, एक पाय स्टुलावर, डाव्या हातात छोटा आरसा, बाजूला मोबाइलचा टॉर्च लावून ठेवायचा. पहिल्या दिवशी मी पांढरा भाग कुठून कुठपर्यंत आहे ते तिच्याच बोटाने फिरवून दाखवलं. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढी रेघ मावते त्याच्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते पुढपासून मागच्या जागेपर्यंत पातळ पसरायचं आणि हात धुवायचे. रात्री झोपताना. मागचा भाग ती विसरत होती, तिला वाटायचं तिकडे कशाला. आता लावलं की कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारते.

रात्रभर झोपायला लागलीय. रंग अजून पांढराच आहे, तो राहू शकतो असं सांगितलंय, पण चिरा भरल्यात. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

एक विचारायचं होतं. एका क्लिनिकची जाहिरात बघितली त्यात लेझर आणि पीआरपीने (स्वतःच्याच रक्तातून काढलेला भाग टोचतात ते) हा आजार कायमचा बरा होतो असं लिहिलंय, पॅकेज आहे मोठं. त्याचं काय?

निशिगंध

किती छान झालं ग. मला रात्री जमेना म्हणून मी आंघोळीनंतर लावते, तेही चालतं असं माझ्या डॉक्टर म्हणाल्या, वेळ ठरलेली असली की झालं. मी आता आठवड्यातून दोनदा लावते, सोमवार आणि गुरुवार. दर महिन्याला एकदा आरशात बघून घेते, नवीन काही जाड, टोचणारं, न भरणारं दिसतंय का.

लेझरसाठी मीही विचारणा केली होती आणि माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पैसे घालवू नका.

त्वचा_ओपीडी

लेझर आणि पीआरपीवर संशोधन चालू आहे, पण ते मलमाची जागा घेऊ शकतात असा पुरेसा पुरावा आज नाही. कायमचं बरं करतो असं जो म्हणेल तिथून उठून यावं. हा आजार थायरॉइड, बीपीसारखा सांभाळत राहायचा असतो. ऑपरेशनची गरज फक्त गुंतागुंत झाली तर, म्हणजे योनीमार्गाचं तोंड फारच अरुंद झालं, लघवी अडायला लागली किंवा कॅन्सरची शंका आली तर. इस्ट्रोजेनचं क्रीम पाळीनंतरच्या कोरडेपणाला चांगलं आहे आणि दोन्ही त्रास एकाच बाईला असतील तर दोन्ही औषधं लागतात, पण एकट्या इस्ट्रोजेनने लायकेन स्क्लेरोसस आटोक्यात येत नाही.

आईला खोकताना, शिंकताना लघवी गळते का तेही विचारा. या वयात बऱ्याच जणींना गळते आणि त्या सांगत नाहीत. कातडी सतत ओली राहिली तर मलम लावूनही आराम पडत नाही, आणि त्यावर उपाय आहेत.

अबोली_नाशिक

मी हा धागा रात्री वाचत बसलेय आणि आता राहवत नाही म्हणून विचारते. माझी मुलगी ६ वर्षांची आहे. शू करताना रडते, शी दाबून ठेवते, त्यामुळे कडक होते आणि मग आणखी दुखतं. खाज आहे. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. परवा आंघोळ घालताना बघितलं तर तिथे पांढरट गोल आणि त्यात रक्त साकळल्यासारखे ठिपके. डॉक्टरांनी ठिपके बघून मला बाजूला घेऊन विचारलं की घरात कोण कोण असतं, हिला कुणी हात लावतं का. तेव्हापासून माझं डोकं काम करत नाहीये. मी प्रत्येकाकडे संशयाने बघतेय. लहान मुलींना हा आजार असे ठिपके देतो का?

त्वचा_ओपीडी

अबोलीताई, हो, देतो. मुलींमध्ये हा आजार पुढून मागेपर्यंत इंग्रजी आठच्या आकारात पांढरा दिसतो, कातडी नाजूक असल्याने साध्या खाजवण्याने किंवा जोर लावून शी करण्यानेही रक्त साकळतं. चिरांमुळे शी करताना दुखतं म्हणून मूल दाबून ठेवतं, हे बद्धकोष्ठतेचं चित्रही अगदी ओळखीचं आहे. असे ठिपके बघून अत्याचाराची शंका येणं आणि नंतर लायकेन स्क्लेरोसस निघणं हे वैद्यकीय पुस्तकांत नोंदवलेलं आहे.

तुमच्या डॉक्टरांनी विचारलं ते त्यांचं कर्तव्य होतं, त्यांच्यावर रागावू नका. हा आजार निघाला तरी त्याने दुसरी शक्यता आपोआप पुसली जात नाही, त्यामुळे मुलगी कुणाला घाबरते का, वागण्यात बदल आहे का हे शांतपणे बघा, तिच्याशी बोला आणि शंका वाटली तर डॉक्टरांना सांगा. पण आधी या आठवड्यात तिला अशा त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या ज्यांना लहान मुलांचा अनुभव आहे. मुलींमध्ये बहुतेक वेळा बायोप्सी लागत नाही, नजरेने निदान होतं. उपचार तेच मलम, कमी मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि मुलींचा त्रास सहसा छान कमी होतो. सोबत शी मऊ होण्याचं औषध हवंच, नाहीतर चिरा भरत नाहीत. बबल बाथ, साबण, घट्ट लेगिंग सध्या बंद. शू झाल्यावर पुसायचं नाही, टिपायचं.

पूर्वी असं समजत की वयात आलं की हे आपोआप जातं. बऱ्याच मुलींचा त्रास तेव्हा कमी होतो, पण काहींच्यात आजार शांतपणे चालू राहतो, म्हणून पाळी सुरू झाल्यावरही वर्षातून एकदा दाखवत राहा. तपासणीला जाण्याआधी तिला सांगा की डॉक्टर काय बघणार आहेत आणि आई शेजारीच असणार आहे, आणि ती नको म्हणाली तर त्या दिवशी जबरदस्तीने धरून तपासणी करू देऊ नका, दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. आत्ता लघवी पूर्ण अडली किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटलला न्या.

अबोली_नाशिक

उद्या सकाळची अपॉइंटमेंट मिळाली. तिला सांगितलंय. झालं की इथे लिहिते.